घर पाहावं... फोडून!

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं म्हणणाऱ्या पूर्वजांनी टू बीएचकेमधलं बाथरूम कधी रिनोव्हेट केलं नव्हतं, म्हणून बरं. नाहीतर म्हणीत तिसरी ओळ आली असती! घराचं काम काढण्यापूर्वी कंत्राटदार कसा पारखावा, याचा हा स्वानुभव. महागात पडलेला, पण कामाचा.

''मॅडम, थर्टी डेज. थर्टी-फर्स्ट डेला तुम्ही नव्या बाथरूममध्ये शॉवर घेताय!''

हे वाक्य ज्याने टाकलं, त्याच्याकडे गुळगुळीत व्हिजिटिंग कार्ड होतं, टॅबवर आमच्याच घराचं फिरणारं थ्रीडी चित्र होतं आणि त्या चित्रात आमच्या कोथरूडच्या खिडकीतून चक्क समुद्र दिसत होता. आम्ही दोघंही फिदा. मी आणि नवरोबा, दोघंही आयटीतले. ऑफिसमध्ये साधा लॅपटॉप घ्यायचा तर चार व्हेंडर्सची तुलना करणारे. पण घराच्या बाबतीत? समुद्र बघितला आणि विरघळलो.

त्यातून आम्हाला घाई होती. सांगलीला आई बाथरूममध्ये घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहत होती. आता एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, ''बाथरूमला उंबरा नको, फरशी घसरडी नको, कमोडशेजारी धरायला दांडा हवा आणि दार बाहेर उघडणारं हवं.'' आमची बिल्डिंग १९९२ची. बाथरूमला चांगला वीतभर उंबरा, पांढऱ्या गुळगुळीत फरशा आणि दार आत उघडणारं. म्हणजे चारपैकी चार नापास! काम काढायचंच आहे तर किचनचा ओटाही बदलू, हॉल आणि किचनमधली भिंतही उडवू, असं करत करत यादी वाढली. आई तोवर मावशीकडे राहणार होती. गौरी-गणपतीला ती पुण्यात हवी, ही आमची डेडलाइन.

तीन कोटेशन्स आली. ४ लाख ८० हजार, ५ लाख ६० हजार आणि ६ लाख १० हजार. आम्ही कुठलं घेतलं असेल, ओळखा पाहू!

'लेबर गावाला गेलंय'

थर्टी-डेजवाल्या साहेबांनी साठ टक्के अॅडव्हान्स मागितला. मटेरियल घ्यायचंय म्हणाले. २ लाख ८८ हजार आम्ही एका क्लिकमध्ये ट्रान्सफर केले. मे महिन्याच्या मध्यावर सहा माणसं आली, दोन दिवसांत बाथरूम फोडलं, किचनचा ओटा काढला आणि डेब्रिजच्या गोणी जिन्यात रचून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दोन माणसं आली. पाचव्या दिवशी एक. आणि मग सुरू झाली ती जगप्रसिद्ध मालिका. लेबर गावाला गेलंय. टेम्पो बंद पडलाय. टाइल्सचा स्टॉक संपलाय. शेवटी फोनच 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. रिटायर्ड, शांत माणूस. फोडलेल्या बाथरूममध्ये कामगारांनी नळ सुरू करून सामान धुतलं होतं, जुनं वॉटरप्रूफिंग उखडलेलं होतं आणि ते सगळं पाणी काकांच्या बेडरूमच्या छतात उतरलं होतं. काका ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, ''पोरी, तुझं घर नवं होतंय, पण माझं गळतंय गं.''

त्या रात्री आम्ही दोघं ओट्याविना किचनमध्ये, जमिनीवर बसून पोळीचा रोल खात होतो. आईचा फोन आला. ''काम कुठवर आलं?'' मी म्हटलं, ''मस्त चाललंय!'' आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी अप्रेझल फॉर्ममध्येसुद्धा लिहिलेलं नाही.

चूक नक्की कुणाची?

राग शांत झाल्यावर (याला तीन दिवस आणि पुष्कळ चहा लागला) आम्ही कागदपेन घेऊन बसलो. तेव्हा कळलं की तो माणूस काही सिनेमातला खलनायक नव्हता. त्याची एकाच वेळी चार-पाच कामं सुरू होती. आमचे साठ टक्के पैसे त्याच्या खिशात आधीच होते. मग तो माणसं कुठे पाठवणार? जिथून पैसे यायचे बाकी आहेत तिथे! आमच्या घरी येण्याचं कारण आम्हीच त्याला देऊन टाकलं होतं.

शिवाय कागदावर काय होतं? काही नाही. कोटेशन म्हणजे एक पान: 'बाथरूम कम्प्लीट, किचन कम्प्लीट, मिसलेनियस'. कुठलं प्लायवूड, कुठल्या टाइल्स, वॉटरप्रूफिंग कसं, किती दिवसांत, उशीर झाला तर काय... सगळं 'टेन्शन नका घेऊ मॅडम' या सदरात.

कॉलेजची वकील मैत्रीण धावून आली. माझी समजूत होती की 'महारेरा' आहे ना! तिने डोक्याला हात लावला. रेरा कायदा हा प्रोजेक्ट विकणाऱ्या बिल्डरसाठी. आपल्याच फ्लॅटच्या दुरुस्तीचं, नूतनीकरणाचं काम त्यात येत नाही. मग आपल्याला वाली कोण? तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २०२०च्या जुलैत लागू झाला. पैसे देऊन घेतलेली सेवा खराब निघाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला फीसुद्धा नाही. फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं. ''पण आयोगापुढे मी काय दाखवू?'' तिने विचारलं, ''समुद्राचं थ्रीडी?''

नशीब, पैसे बँकेतून दिले होते आणि व्हॉट्सअॅपवर बरंच बोलणं झालं होतं. तिने नोटीस धाडली. साहेब अचानक संपर्क क्षेत्रात आले. घासाघीस होऊन तीन हप्त्यांत १ लाख परत मिळाले. फोडकामाचा खर्च वजा केला तरी बरेच पैसे गेले ते गेलेच. आम्ही त्याला 'शिकवणीची फी' म्हणतो.

स्वयंवर, भाग दुसरा

या वेळी पद्धत बदलली. जाहिराती बंद, रील्स बंद. सोसायटीच्या वॉचमनला, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला आणि टाइल्सच्या दुकानात विचारायला सुरुवात केली. हा फंडा लक्षात ठेवा बरं का. कोण कंत्राटदार उधारी वेळेत चुकती करतो आणि कोण माल परत पाठवून भांडतो, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. दोन वेगवेगळ्या दुकानांत एकच नाव आलं.

ते मिस्त्रीकाका आले तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत माझा मूड गेला. कार्ड नाही, टॅब नाही. हातात लांबुडकी लाल वही आणि कानावर पेन्सिल. बाथरूमच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, ''ताई, हे वापरणार कोण?''

थर्टी-डेजवाल्याने हे विचारलंच नव्हतं.

मी आईचं सांगितलं. मग प्रश्नांवर प्रश्न. त्यांची उंची किती? उजवा पाय की डावा? वॉकर आहे की काठी? वॉकरची रुंदी मोजलीत का? दार केवढं लागेल? ''दांडा भिंतीत बसवायचा तर टाइलमागे पोकळ राहून चालणार नाही. नाहीतर आई दांडा धरतील आणि दांडा आईंना धरणार नाही.'' वहीत सगळं लिहून घेत होते.

मग हॉल आणि किचनमधली भिंत. पहिला म्हणाला होता, ''अर्ध्या दिवसात उडवतो!'' मिस्त्रीकाकांनी भिंतीवर हात ठेवला, वर छताकडे बघितलं आणि म्हणाले, ''नाही. हिला मी हात लावणार नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, सोसायटीचं पत्र घ्या, मग बोलू.''

नवरोबा जरा वैतागलाच. पण मला घाटकोपर आठवलं. २५ जुलै २०१७ला तिथली एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. तेव्हा मी ती बातमी ऑफिसच्या बसमध्ये वाचली होती आणि 'लोक असं कसं करतात' म्हणून पान उलटलं होतं. आता त्याच 'लोकां'मध्ये मी होते. इंजिनीअर आले. भिंत साधी विटांची होती, पण तिच्या एका टोकाला प्लास्टरमध्ये लपलेला कॉलम होता आणि वर बीम. ते म्हणाले, मधला भाग उघडा, पण कॉलमजवळ छिन्नीसुद्धा न्यायची नाही. आज तिथे छान सर्व्हिंग काउंटर आहे. ओपन किचन नाही झालं, पण वरचे तीन मजले ओपन होण्यापेक्षा ते बरं!

तेव्हा मला पहिला धडा मिळाला. जो प्रत्येक गोष्टीला 'होऊन जाईल' म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा. जो कामावर पाणी सोडायची वेळ आली तरी 'नाही' म्हणतो, त्याला चहा पाजा.

बिघडलेलं काम दाखवा!

तरी दुधाने तोंड पोळलेलं. आम्ही म्हटलं, तुमची कामं बघायची आहेत. त्यांनी दोन पत्ते दिले. एक गेल्याच महिन्यात संपलेलं, एक दोन पावसाळे झेललेलं. नवं काम सगळ्यांचंच चकाचक असतं. जुनं काम खरं बोलतं. मी त्या जुन्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपजवळ बादलीभर पाणी ओतून पाहिलं. एका मिनिटात निघून गेलं, कोपऱ्यात थेंब साचला नाही. मग खालच्या मजल्यावर जाऊन तिथल्या बाईंना विचारलं, ''तुमच्याकडे ओल येते का हो?'' त्यांनी आधी मला वेड्यात काढलं, मग छत दाखवलं. कोरडं ठणठणीत.

आणि मग मी माझा हुकमी प्रश्न टाकला. ''काका, तुमचं एखादं बिघडलेलं काम सांगा.''

ते थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं, संपलं. मग वहीचं मागचं पान उघडून वारज्याचा पत्ता दिला. ''तिथं सहा महिन्यांत गळलं होतं. जाऊन विचारा.''

गेले. तिथल्या ताई म्हणाल्या, ''हो, गळलं ना! आतल्या पाइपचा जॉइंट सुटला होता. फोन केला, रविवारी स्वतः आले. चार फरशा फोडल्या, जॉइंट बदलला, परत बसवून दिल्या. मी पैसे द्यायला गेले तर रागावले.''

काम कुणाचंही बिघडू शकतं. बिघडल्यावर फोन उचलतो तो कंत्राटदार. बाकी सगळे थ्रीडी.

त्यांचं कोटेशन आलं ५ लाख २५ हजारांचं, चार पानी. टाइल्सचं माप, प्लायवूडचा प्रकार, वायरची जाडी, जीएसटी धरून की सोडून, सगळं वेगवेगळं. स्वस्त नव्हतंच. पण पहिल्यांदाच आम्हाला कळलं की आपण नक्की कशाचे पैसे देतोय.

पैशांचे टप्पे मात्र मैत्रिणीने ठरवून दिले. करार करताना १० टक्के. फोडकाम आणि आतलं प्लंबिंग झाल्यावर २५. वॉटरप्रूफिंगची टेस्ट पास झाल्यावर २५. टाइल्स आणि ओटा झाल्यावर २५. सगळं संपल्यावर १०. आणि शेवटचे ५ टक्के महिनाभर वापरून बघितल्यावर. मिस्त्रीकाकांनी वाचलं, मान डोलावली आणि स्वतःची एक अट घातली. ''टप्पा झाला की तीन दिवसांत पैसे. माझ्या पोरांचा शनिवारचा पगार असतो.'' अगदी रास्त! भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं.

अठ्ठेचाळीस तासांची परीक्षा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. रोज संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मी फोटो काढत होते, विशेषतः पाइप आणि वायर झाकायच्या आधी, शेजारी टेप धरून. उद्या भिंतीत खिळा ठोकायचा तर आत काय कुठे आहे हे कळायला नको?

स्लॅबपर्यंत साफ करून वॉटरप्रूफिंगचे थर झाले, वर ब्रिकबॅट कोबा झाला. मग नहाणी ट्रॅपला बोळा बसवून बाथरूममध्ये पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली आणि अठ्ठेचाळीस तास दाराला कुलूप. दोन दिवस माझा जीव काकांच्या छताला टांगलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनीच फोन केला. ''वर ये. म्हणजे, खाली ये!'' गेले तर ते स्टुलावर उभे, हात छताला लावलेला. ''कोरडं आहे गं.'' मिस्त्रीकाकांनी मग काकांच्या छताचा तो डाग खरवडून, प्लास्टर करून, रंगही देऊन दिला. तो खर्च अर्थातच आमचा. तो आमच्याकडूनच यायला हवा होता.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही हं. टाइल्सची दुसरी खेप वेगळ्या बॅचची निघाली, शेड किंचित गडद. बॉक्सवरचा बॅच नंबर मीच तपासला नव्हता. आम्ही मध्येच टाइल बदलली, एक लाइट पॉइंट वाढवला. प्रत्येक बदलाला मिस्त्रीकाका वही पुढे करायचे. ''लिहा. किती वाढले, किती दिवस वाढले. सही करा.'' शेवटचं बिल ५ लाख ४१ हजारांचं झालं. १६ हजार कुठे वाढले हे वहीत आमच्याच सहीने लिहिलेलं. भांडायला जागाच ठेवली नाही!

गौरी यायच्या आदल्या दिवशी आई आली. वॉकर घेऊन सरळ बाथरूमपाशी गेली. उंबरा नव्हता, ती अडखळली नाही. आत गेली, दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि मग आईचा. ''अगं, दारात काय उभी आहेस? जा, फुलं निवड!''

महिन्याने मिस्त्रीकाका शेवटचे पाच टक्के घ्यायला आले. चेक तयार होता. पण ते आधी आईकडे गेले. ''आई, काही त्रास?'' आई म्हणाली, ''साबणाचं फळकूट उंच झालंय हो जरा.'' त्यांनी वही काढली, लिहून घेतलं आणि चेक न घेताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल घेऊन हजर. फळकूट चार इंच खाली आलं. आईने हात लांबवून बघितला. मग चहा झाला. मग चेक.

काम काढताय? आधी हे वाचा!

- तीन कोटेशन्स, एकच यादी: आधी तुमची यादी तयार करा आणि तीच तिघांनाही द्या. लेबर रेट की मटेरियलसकट, जीएसटी धरून की सोडून, हे लिहून घ्या. नाहीतर आंबा आणि फणसाची तुलना होते.
- जुनं काम बघा: किमान एक पावसाळा झालेलं. जमल्यास खालच्या मजल्यावरही विचारा.
- सोसायटीचं पत्र: कामाची परवानगी, कामाच्या वेळा, डेब्रिज कुठे टाकायचं, हे आधी लेखी घ्या.
- भिंत पाडायचीय? कंत्राटदाराचा शब्द पुरेसा नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. कॉलम, बीम आणि स्लॅबला हात नाही म्हणजे नाही. बाल्कनी बंद करणं किंवा बाहेरून दिसणारा बदल म्हणजे महापालिकेचा विषय, तिथे आधी चौकशी करा.
- मालावरची खूण: ओलाव्याच्या जागी आयएस ७१० शिक्क्याचं प्लायवूड मागा. आयएसआय मार्क खरा आहे का, ते 'बीआयएस केअर' अॅपवर लायसन्स नंबर टाकून बघता येतं.
- वीज: काम लायसन्स असलेल्या माणसाकडूनच. गीझरची लाइन वेगळी आणि घराला आरसीसीबी हवाच. बाथरूममध्ये पाणी आणि वीज शेजारी असतात, विसरू नका.
- टाइल्स: सगळे बॉक्स एकाच बॅचचे घ्या आणि दहा टक्के जास्त घ्या. उरलेला एक बॉक्स माळ्यावर ठेवा. पुढे फोडावं लागलं तर तोच उपयोगी पडतो.
- पैसे: बँकेतूनच, टप्प्याटप्प्याने आणि झालेल्या कामाचे. शेवटचा छोटा हप्ता महिनाभर तुमच्याकडे ठेवा. आणि टप्पा पूर्ण झाला की तुम्हीही वेळेत द्या.
- तो एक प्रश्न: ''तुमचं बिघडलेलं काम सांगा.'' उत्तर 'माझं कधी बिघडतच नाही' असं आलं, तर चहा पाजून निरोप द्या.